शून्य कुठल्या बाजूला

मी चिडका माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. माझं चिडणं भांडी आपटणारं किंवा दारं आदळणारं नसतं. मी फक्त समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. ऑफिसात ह्या गुणाला 'शार्प' म्हणायचे. घरात काय म्हणत असतील, ते मी कधी विचारलं नाही.

ऑफिस अबुधाबीला होतं. सरकारी कंत्राटं घेणाऱ्या एका कंपनीत मी डेटाबेसमधून रिपोर्ट काढून द्यायचो. राहायला मात्र दुबईत, इंटरनॅशनल सिटीत, कारण तिथलं भाडं झेपायचं. चौघं मिळून एका गाडीने पहाटे पाचला निघायचो. असं नऊ वर्षं केलं. मग नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी एच.आर.च्या बाईंनी मला आत बोलावलं, पाणी दिलं आणि टिश्यूचा डबा हळूच माझ्या बाजूला सरकवला. त्यांनी तोंड उघडण्याआधीच मला कळलं होतं. परतीच्या गाडीत एक जण म्हणाला, "इन्शाल्ला, कुछ हो जाएगा." बाकीचा रस्ता रेडिओसुद्धा कुणी लावला नाही.

इथे नोकरी गेली की मागोमाग व्हिसा जातो. बायको आणि मुलगी दोघी माझ्याच व्हिसावर होत्या. बायको घराजवळच्या टायपिंग सेंटरमध्ये काम करायची, पण तिचं लेबर कार्ड, म्हणजे कामाचा परवानाही माझ्या व्हिसाच्या आधाराने. म्हणजे मी पडलो की तिघंही पडणार. व्हिसा रद्द झाल्यावर आम्हाला साठ दिवसांची मुदत मिळाली होती. ती जानेवारीच्या शेवटी संपत होती, आणि मुलीची बारावीची बोर्डाची परीक्षा सुरू होत होती फेब्रुवारीच्या मध्याला.

मुलगी जन्मली दुबईत, वाढली दुबईत. पुणे म्हणजे तिच्या लेखी उन्हाळ्याच्या सुट्टीतले डास आणि गाल ओढणाऱ्या मावश्या. तिला परीक्षेच्या तोंडावर उचलून तिकडे नेऊन टाकायचं, हे मला मान्यच नव्हतं. मला मोठा पगार नको होता, हुद्दा नको होता. तिची परीक्षा होईपर्यंत आम्ही तिघं ह्या घरात, ह्या पत्त्यावर राहावं, एवढंच हवं होतं.

अर्ज केले. पहिले काही मोजले, मग मोजणं सोडून दिलं. सेहेचाळीस वर्षांच्या, रिपोर्ट काढणाऱ्या माणसाची कुणाला गरज नव्हती. दुपारी जेवताना मी फोन ताटाशेजारी उलटा ठेवायचो आणि दर दोन घासांनी सुलटा करून बघायचो. बायको बघायची आणि काही बोलायची नाही. तिचं न बोलणंसुद्धा मला सहन व्हायचं नाही.

मग गाडीतल्याच एकाच्या ओळखीने रास अल खोरचे एक शेठ भेटले. केरळचे, पस्तीस वर्षं इथे, टायरचे मोठे व्यापारी. खाली गोदामात छतापर्यंत टायर रचलेले, वर काचेची केबिन आणि केबिनमध्येही रबराचा तोच वास. टेबलावर दोन स्क्रीन. एकावर टायरचा स्टॉक, दुसऱ्यावर सोन्याचा भाव, लाल-हिरव्या कँडलमध्ये. कँडल म्हणजे एक उभी पट्टी. एका तासात भाव कुठून निघाला आणि कुठे थांबला, ते ती दाखवते. शेठ कितीतरी वर्षं ह्या पट्ट्या डोळ्यांनी वाचून सोन्याची खरेदी-विक्री करत आले होते. आता साखरेने डोळे पोखरले होते.

"डॉक्टर बोला, स्क्रीन बंद करो," ते म्हणाले. "तो तुम मेरे को मशीन बनाके दो. जो मेरे जैसा देखे. आजकल वो न्यूरल नेटवर्क बोलते हैं ना, वो."

अट एकच होती. जे काही करायचं ते त्यांच्या ट्रेडिंगच्या प्लॅटफॉर्मच्या आतच करायचं, त्या प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या भाषेत. "बाहर का कुछ नहीं चाहिए, भाई. एक लड़का पहले आया था, बाहर का कुछ डालके गया. तीन दिन कंप्यूटर खुला नहीं."

आता हे न्यूरल नेटवर्क वगैरे करणारे लोक तयार लायब्ऱ्या, म्हणजे आधीच कुणी लिहून ठेवलेला कोड, वापरतात. पाचसात ओळी लिहिल्या की काम होतं. प्लॅटफॉर्मची भाषा मूळची सौदे टाकण्यासाठी केलेली. तिच्यात सगळं होतं, पण स्वतःच्या हाताने करावं लागतं. गुणाकार, बेरजा, सगळ्या रांगा आणि स्तंभ. मी आयुष्यात असं काही केलेलं नव्हतं. फावल्या वेळात त्या भाषेत दोनचार लहान गोष्टी लिहिल्या होत्या, तेवढंच. मी ताबडतोब हो म्हणालो. शेठनी चहा सांगितला होता, तो यायच्या आत.

मशीन चाललं तर ते मला त्यांच्या कंपनीच्या व्हिसावर घेणार होते, साडेसहा हजार दिरहमवर. घरी आल्यावर बायको मोठ्याने म्हणाली, "साडेसहा, म्हणजे दीड लाख रुपये." मग थोडं थांबून, "आधीच्या पगाराच्या निम्माच झाला की." मग आणखी थोडं थांबून, "चालेल रे. व्हिसा मिळतोय ना? चालेल."

ड्रॅगन मार्टमधून एक घडीचं टेबल आणलं आणि हॉलमध्ये खिडकीशी मांडलं. बेडरूम मुलीला अभ्यासाला दिली. सकाळी बायको कामावर गेली की मी त्या टेबलाशी बसायचो, ते ती परत येईपर्यंत.

नेटवर्क म्हणजे जादू नाही, हे मला पहिल्या आठवड्यात कळलं. आकडे आत येतात. प्रत्येक आकड्याला एकेका वजनाने गुणायचं, बेरीज करायची, ती बेरीज दाबून एक आणि उणे एकच्या मध्ये बसवायची आणि पुढच्या थराला द्यायची. शेवटी एक उत्तर येतं, सोनं चढणार की उतरणार. ते चुकलं, चुकणारच, की ती चूक उलट्या दिशेने मागे न्यायची, आणि प्रत्येक वजनाला त्याच्या वाट्याची चूक देत त्याला थोडं सरळ करायचं. हे हजारदा, लाखदा. मला हा चूक वाटून देण्याचा भाग फार आवडला. घरात असं कुठे होतं? घरात सगळी चूक एकाच्याच डोक्यावर बसते.

आवडलं म्हणजे जमलं असं नाही. आकडे फुगत जाऊन फुटायचे. कधी सगळी उत्तरं एकसारखी यायची, दगडासारखी. एकदा चार दिवस मी एका चुकीच्या उणे चिन्हाच्या मागे होतो. मिक्सर लागला की मी ओरडायचो. शेजारच्याच्या पोराने कॉरिडॉरमध्ये चेंडू टाकला की ओरडायचो. बायकोने फ्रिजवर एक कागद लावला होता, त्यावर नुसते आकडे, साठपासून खाली, आणि ती रोज सकाळी एक आकडा खोडायची. मी तो कागद फाडून टाकला. दुसऱ्या दिवशी तिने नवा लावला, आणि त्यावरचे आकडे बरोबर होते. मला तिचा राग यायचा आणि मग स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटली की पुन्हा राग यायचा. खरं सांगायचं तर मी भ्यालो होतो. आंघोळीला गेलो की नळ सोडून रडायचो, म्हणजे आवाज बाहेर जात नाही.

त्याच दिवसांतली एक सकाळ. मुलीला अभ्यासाची सुट्टी लागली होती. ती बटर लावलेला टोस्ट खात माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. बारावीला तिला कंप्युटर सायन्स आहे, त्यामुळे स्क्रीनवर काय चाललंय ते तिला थोडंफार कळतं. तिने माझ्या खांद्यावरून हात लांब करून स्क्रीनवर एका ठिकाणी बोट ठेवलं.

"बाबा, धिस झीरो—"

"अभ्यास कर."

"नो, आय जस्ट वॉन्टेड टु आस्क, व्हाय इज—"

"तुला कळतंय का इथे काय चाललंय? प्रिलिमला फिजिक्समध्ये किती पडले ते आठव आधी. जा."

ती गेली. टोस्टचा चुरा कीबोर्डवर पडला होता. मी तो फुंकरीने उडवला आणि पुन्हा कामाला लागलो.

तोपर्यंत माझं नेटवर्क शंभरातली पन्नास-एक्कावन्न उत्तरं बरोबर देत होतं. म्हणजे नाणं उडवण्याइतकं. मग माझ्या मनात आलं, नुसते भाव देण्याऐवजी सोबत त्यांच्या सरासऱ्याही द्याव्यात. गेल्या काही तासांच्या भावाची सरासरी, त्याहून लांब काळाची सरासरी, असं. चार दिवस खपून तेही लिहिलं. नेटवर्क किती बरोबर ते तपासणारी चाचणीसुद्धा मी माझीच लिहिली होती. प्लॅटफॉर्मची स्वतःची चाचणी असते, पण ती एकेक तास पुढे सरकत सगळं नव्याने मोजते, आणि माझ्या नेटवर्कला त्यात दिवस लागला असता. माझ्याजवळ दिवस नव्हते. माझी चाचणी तीन मिनिटांत उत्तर द्यायची.

त्या शुक्रवारी तिने उत्तर दिलं, शंभरात चौऱ्याऐंशी बरोबर. नफ्याची रेघ डावीकडून उजवीकडे जिन्यासारखी चढत गेलेली.

ह्या धंद्यातला जाणता माणूस इतका चांगला आकडा बघितला की घाबरतो. मी उठून नाचलो. अक्षरशः, हॉलमध्ये, बनियनवर. बायको पोळ्या लाटता लाटता बाहेर आली, रेघ बघितली, माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागली. पिठाचे हात तोंडावर धरून हसत राहिली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा हसली. मुलगी बेडरूमच्या दारात उभी होती. तिचं लक्ष स्क्रीनकडे नव्हतं, ती आईकडे बघत होती. मग म्हणाली, "दॅट्स ग्रेट, बाबा," आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी छापून नेलेली रेघ शेठनी भिंगाखाली धरून हळूहळू पाहिली. खाली गोदामात फोर्कलिफ्ट पुढे-मागे होत होती. मग ते म्हणाले, "आँख का ऑपरेशन होगा, फिर मैं गाँव जाएगा. हमेशा के लिए. घर बनाने का जो रखा है, सब इसके ऊपर डाल देगा. मशीन देखेगा, मैं सोएगा." आणि मग, "यल्ला, चलो, तुम व्हिसा का पेपर टाईप करा लो."

मी होकाराची मान हलवली. त्या मान हलवण्याचं मला अजून वाईट वाटतं.

टायपिंग सेंटर म्हणजे सरकारी अर्ज भरून देणारं दुकान. आमच्या पुढच्याच क्लस्टरमध्ये, म्हणजे इमारतींच्या पुढच्या गटात, एका किराणा दुकानाशेजारी. तीन काउंटर, एक झेरॉक्सचं मशीन, भिंतीला प्लास्टिकच्या खुर्च्या. सोमवारी सकाळी मी बायकोच्या काउंटरसमोर इतर गिऱ्हाइकांसारखा नंबर घेऊन उभा राहिलो. फ्रिजवरच्या कागदावर तेव्हा अकरा उरले होते. नंबर आला तेव्हा ती मला म्हणाली, "येस सर, प्लीज," आणि आम्ही दोघं हसलो. तिने माझं नाव टाकलं, पासपोर्टचा नंबर टाकला. हुद्द्याच्या जागी काय टाकायचं ते शेठच्या माणसाने लिहून दिलं होतं. मग सिस्टिम अडकली. ती नेहमीच अडकते. पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं.

शेठना हवे होते म्हणून नेटवर्कच्या ताज्या निकालांचे तीन कागद मी छापून आणले होते. ते काउंटरवरच पडले होते. चक्र थांबेपर्यंत तिने ते सहज उचलले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमची ही नोकरीला लागली त्या वर्षी तिने एका कुटुंबाचा अर्ज उलटा भरला होता. अरबी तक्ता उजवीकडून सुरू होतो. तिने मराठी डोळ्यांनी डावीकडून भरला, आणि पाच भावंडांतलं शेंडेफळ थोरल्याच्या जागी गेलं. मालकाने सगळ्यांसमोर झापलं. तेव्हापासून कुठलाही तक्ता समोर आला, मग तो शाळेचं टाइमटेबल असो की लॉन्ड्रीचं बिल, तिचा पहिला प्रश्न तोच असतो.

"ह्याची सुरुवात कुठून?" तिने विचारलं.

"वरून गं. शून्य म्हणजे आत्ताची कँडल, हा चालू तास."

"आणि हे लिहिलंय, 'शून्य ते एकोणीस बघून अंदाज वीसचा'. म्हणजे वीस हा पुढचा तास?"

"नाही गं, शून्य आत्ताची, तर वीस मागचीच असणार ना. ती सगळ्यात जु—"

ह्या खेपेला वाक्य कुणी तोडलं नाही. मीच थांबलो.

भावांची यादी त्या भाषेत दोन प्रकारे घेता येते. एका प्रकारात शून्य म्हणजे सगळ्यात जुनी कँडल, आणि आकडा वाढेल तसं आपण आजकडे येतो. दुसऱ्या प्रकारात शून्य म्हणजे आत्ताची, आणि आकडा वाढेल तसं मागे मागे जातो. फरक एका ओळीचा असतो. मी यादी दुसऱ्या प्रकारे घेतली होती आणि हिशेब पहिल्याचा केला होता. माझं नेटवर्क वीस तास बघून त्यांच्या पुढचा तास सांगत नव्हतं. त्यांच्या मागचा सांगत होतं, होऊन गेलेला. आणि मी हौसेने घातलेल्या सरासऱ्यांमध्ये त्या होऊन गेलेल्या तासाचा भाव आधीच मिसळलेला होता. भाजी चाखून मीठ पडलंय की नाही ते सांगण्याइतकं सोपं. त्यातही शंभरात सोळा वेळा ते चुकत होतं.

"काय झालं?" बायकोने विचारलं. माझा चेहरा तिला दिसत होता.

"वीस मिनिटं थांब. सबमिट करू नकोस."

मी घरी पळालो. लिफ्टची वाट न बघता जिन्याने चढलो. ती एक ओळ बदलली, नेटवर्क पुन्हा शिकवायला लावलं आणि टेबलाच्या कडेला हात धरून बसलो. मुलगी बेडरूमच्या दारात आली. "टी, बाबा?" तिने विचारलं. मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. ती तिथेच चौकटीला टेकून उभी राहिली. उत्तर आलं, शंभरात एक्कावन्न. रेघ सपाट, मध्ये थोडी वर, मग खाली. मी चाचणी पुन्हा लावली, जणू दुसऱ्यांदा तिला माझी दया येणार होती. एक्कावन्न. इतके दिवस मी जे केलं होतं, ते काहीच नव्हतं.

परत सेंटरमध्ये गेलो तेव्हा माझा अर्ज भरून तयार होता. फक्त शेवटचं बटण दाबायचं बाकी होतं. माझ्यामागे एक फिलिपिनो बाई फोटो हातात धरून उभी होती. मी काउंटरवर वाकून हळू आवाजात बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकलं. मग माझ्याकडे न बघता, स्क्रीनकडे बघत म्हणाली, "मला त्यातलं काय कळतं? मी नुसती टायपिंग करते."

"म्हणजे?"

"म्हणजे परीक्षा होऊ दे. मग सांग त्यांना. मार्चमध्ये सांग. अरे, दीड महिन्याचा प्रश्न आहे." तिने माउसवर हात ठेवला. "मी दाबते बटण. तू बाहेर जाऊन उभा राहा. तुला काही करायचं नाही."

माझी बायको अशी नाही. दुकानदाराने चुकून अर्धा दिरहम जास्त दिला तर परत जाऊन देणारी बाई ती. तिला मी कुठे आणून सोडलं होतं, ते त्या वाक्यात दिसलं. आणि खोटं कशाला बोलू, मी बाहेर जाऊन उभा राहिलो. चांगली पाच-सात मिनिटं. किराणा दुकानासमोर एक माणूस कलिंगडं उतरवत होता, ती बघत. मनात म्हणालो, शेठ काय लगेच पैसे लावणार आहेत? ऑपरेशन व्हायचंय. तोवर मी काहीतरी दुरुस्त करीन. मग मला त्यांचं ते भिंग आठवलं, आणि 'मशीन देखेगा, मैं सोएगा.' मी फोन लावला.

एका दमात सांगून टाकलं. वाटलं होतं ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"उल्टा देख रहा था?"

"जी. पीछे का बता रहा था."

"पीछे का तो मेरे को मालूम है, भाई." मागे फोर्कलिफ्टचा आवाज येत होता. "अच्छा किया बोला. लेकिन व्हिसा मशीन के लिए था. आदमी तो मेरे पास बहुत हैं. खलास, क्या करेगा."

आत गेलो. बायकोने माझं तोंड बघितलं. बटण तिने दाबलेलं नव्हतं. नंतर कधीतरी मी विचारलं, का नाही दाबलंस, तर म्हणाली, सिस्टिम पुन्हा अडकली होती. खरं काय ते तिलाच माहीत. तिने माझा अर्ज पुसला, डोळे ओढणीने टिपले आणि पुढचा नंबर पुकारला. फिलिपिनो बाई पुढे आली.

त्यानंतरचे सगळे अर्ज बायकोनेच टाईप केले. मुलीचा आणि स्वतःचा व्हिजिट व्हिसा, परीक्षा संपेपर्यंतचा. लेबर कार्ड गेलं, त्यामुळे स्वतःच्या नोकरीचा शेवटचा कागदही तिने स्वतःच भरला, त्याच काउंटरवर बसून. शाळेने मुलीला परीक्षेला बसू दिलं, कारण बोर्डाकडे नाव आधीच गेलं होतं. तिघांचा खर्च झेपणार नव्हता, म्हणून मी एकटा पुण्याला परतलो आणि भावाच्या घरी दिवाणखान्यात झोपू लागलो. परीक्षेच्या दिवसांत मी तिथे नव्हतो. पेपर कसा गेला ते मला फोनवर कळायचं, आणि ती दरवेळी 'फाइन' म्हणायची.

पण मला सांगायची आहे ती त्या सोमवारची संध्याकाळ. बायको सामानाच्या बॅगा उतरवून बघत होती, कुठल्या चाकांवर चालतात आणि कुठल्या नाही. मी मुलीला बोलावून हॉलमध्ये बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. मशीन चुकीचं निघालं. चूक माझी. मी यादी उलटी—

"आय नो," ती म्हणाली.

"आईने सांगितलं?"

"नो. आय नो फ्रॉम बिफोर." ती पायाच्या नखाकडे बघत होती. "द झीरो. आय ट्राइड टु आस्क यू. दॅट डे, विथ द टोस्ट."

मला टोस्ट आठवला. आधी चुरा आठवला, मग तिचं बोट.

"मग पुन्हा का नाही विचारलंस?" हे मी चिडूनच विचारलं. तेवढ्यातसुद्धा.

ती बराच वेळ बोलली नाही. मी पण मध्ये बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला वेळ दिला असेन. मग ती मराठीत बोलली, जे ती आमच्याशी कधी बोलत नाही, अडखळत, एकेक शब्द शोधत.

"तू ओरडलास. मग तो ग्राफ आला. आई हसली." तिने बेडरूमच्या दाराकडे बघितलं. "मला पण इथेच राहायचं होतं, बाबा. म्हणून मी गप्प बसले."

आतल्या खोलीत बॅगेचं चाक फिरवून बघण्याचा आवाज थांबला होता. म्हणजे बायकोनेही ऐकलं होतं. त्या घरात आम्ही तिघं होतो, आणि तिघांनीही एकदा तरी गप्प बसून तिथे राहायचं ठरवून पाहिलं होतं. त्यातली सतरा वर्षांची पोर ते ओझं सगळ्यात जास्त दिवस वाहत होती. फिजिक्सचं पुस्तक समोर उघडं ठेवून, एकटी, बेडरूममध्ये.

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मला ते नीट येत नाही. मी टेबलाकडे गेलो, लॅपटॉप उघडला आणि खुर्ची ओढून तिच्यासाठी मोकळी केली. इतक्या दिवसांत त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं नव्हतं.

"ये," मी म्हटलं. "बस इथे. त्या दिवशी काय विचारत होतीस, ते आता पूर्ण विचार."

ती आली, बसली. बोट पुढे केलं, आणि शून्यावर ठेवण्याआधी एकदा वळून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मी चिडलोय का ते.